स्पेसबारखालची तार

कीबोर्ड दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळा बाजार कानसेन म्हणायचा. तानसेन होणं नशिबात नसेल तर माणसानं निदान कानसेन व्हावं, असं म्हणतात. हे मात्र गाण्याच्या वाटेला कधी गेले नव्हते. त्यांचा कान होता बटणांवर. जिन्याखालच्या दुकानात ते पाठमोरे बसलेले असत. गिऱ्हाइकानं चार अक्षरं दाबली की मान न वळवता म्हणत, "डावीकडून तिसरं. स्प्रिंग तिरकी बसलीय." आणि ती बसलेली असायचीच.

हल्ली त्यांच्याकडे एकच काम जास्त यायचं, ते म्हणजे कीबोर्ड मुका करून देण्याचं. लोकांना बोटाखाली बटण नीट दबल्याचं सुख हवं असतं, पण आवाज मात्र शेजारच्याला जाता कामा नये. कडकडून भांडायचं, पण कुणाला कळू द्यायचं नाही, तशातलाच प्रकार. कानसेन बटणांखालचे जुने स्विच उपटायचे आणि त्या जागी मुके बसवायचे. मुक्या स्विचच्या आत रबराच्या इवल्याशा गाद्या असतात, त्यामुळे 'टक' होत नाही, नुसतं 'थप्' होतं. शेवटी उरायचा स्पेसबार. तो लांबडा, डगमगू नये म्हणून त्याच्याखाली एक तार असते. ती किरकिरली की सगळ्या मेहनतीवर पाणी. तिला ब्रशनं ग्रीस लावतात. किती लावायचं, हे कानसेन कानानं ठरवत. किरकिर थांबली की त्यांचा हात थांबायचा.

एका दुपारी समुपदेशक बाई कीबोर्ड परत घेऊन आल्या. दुःखातल्या माणसांचं ऐकून घेणं हे त्यांचं काम, आणि ऐकता ऐकता त्या टिपणं टाइप करत.

"काका, अजून वाजतोय."

कानसेनांनी दाबून पाहिलं. थप्, थप्. "कुठे वाजतोय? पाल चालली तरी याहून जास्त आवाज होईल!"

तरी त्यांनी कीबोर्ड ठेवून घेतला, वरवर पुसला आणि दोन दिवसांनी तसाच परत केला. खोटं कशाला सांगा, आतलं एक बटणसुद्धा त्यांनी उचललं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या मनाचं समाधान, दुसरं काय!

चौथ्या दिवशी बाई पुन्हा हजर.

"काका, काल एक गृहस्थ आले होते. बायको गेलीय त्यांची. कसेबसे बोलायला लागले, तेवढ्यात माझा अंगठा स्पेसबारवर पडला. थांबले. म्हणाले, तुमचं लिहून होऊ द्या आधी. त्यानंतर एक शब्द बोलले नाहीत. उद्या संध्याकाळी पुन्हा यायचेत, आले तर."

कानसेनांचा पारा चढला. "बाई, पंचवीस वर्षं हेच करतोय मी. एकेकाचे कानच हळवे असतात, त्याला मी काय करू?" आणि पुरावा म्हणून त्यांनी स्पेसबार दोनचारदा जोरात दाबला.

दुकानामागेच घर होतं. मधल्या दारातून त्यांची बायको चहा घेऊन येत होती. ती म्हणाली, "अगं बाई, केवढी ही किरकिर! कुणाचं आहे हे?"

कानसेनांनी तिच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. त्यांनी स्पेसबार पुन्हा दाबला, या खेपेला सावकाश. दोघींच्या कपाळावर एकाच क्षणी आठी उमटली. पुन्हा दाबला, पुन्हा आठी. त्यांना ऐकू येत होतं ते फक्त थप्.

त्यांनी स्पेसबारवरून बोट उचललं. मग कीबोर्ड स्वतःकडे ओढून म्हणाले, "चूक माझी आहे, बाई. तार वाजतेय. मला ऐकू आली नाही. उद्या सकाळी घेऊन जा."

बाई गेल्या. चहा निवत होता. बायको समोर येऊन उभी राहिली, अगदी तोंडासमोर. हल्ली ती बोलायची तेव्हा अशीच येऊन उभी राहायची. पूर्वी स्वयंपाकघरातून अशी हाक मारायची की जिन्यावरची माणसं वळून बघत. वर्षभरात ते बंद झालं होतं. जवळ यायची, खांद्यावर हात ठेवायची, मग बोलायची. कानसेनांना वाटायचं, उतारवयात बायको मऊ झाली. मनातल्या मनात त्यांना त्याचा अभिमानही होता.

"तू हाका मारणं केव्हा बंद केलंस?"

"ओ देईनासे झालात तेव्हा."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही कानसेन. तुम्हाला कोण सांगणार?"

त्यांना लाज वाटली. तिच्या किती बोलण्यावर आपण नुसतंच 'हं' केलं असेल, या विचारानं त्याहून जास्त वाटली.

त्यांनी समोरची खुर्ची पुसली. "बस इथे. किरकिरलं की बोट वर कर."

स्पेसबार काढला, तारेला ग्रीस लावलं, बसवून दाबला. तिचं बोट वर. पुन्हा काढला, पुन्हा लावलं. बोट वर, पण अर्धंच. सहाव्या खेपेला बोट हललं नाही. त्यांनी आणखी दहा वेळा दाबून पाहिलं. तिचा हात मांडीवरच राहिला.

ते ब्रश पुसायला खाली वाकले. तेवढ्यात ती काहीतरी बोलली. नेहमीचं 'हं' कानसेनांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि मान वर केली.

"काय म्हणालीस? ऐकू नाही आलं मला. परत सांग."