न शिजणारी डाळ

आमच्या नळाचं पाणी जड आहे. तापवलं की पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो. तो खरवडताना मला लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवतं.

मी नदीकाठच्या गावातली. या घरात आल्यावर माझी तुरीची डाळ शिजेनाशी झाली. कुकरच्या कितीही शिट्ट्या केल्या तरी डाळ दाताखाली यायचीच. सासूबाई पाहुण्यांसमोर म्हणायच्या, "आईनं एवढंही शिकवलं नाही हिला." सणावाराला मात्र त्या मला स्वयंपाकघराबाहेर बसवून स्वतः वरण करायच्या आणि ते लोण्यासारखं व्हायचं.

मग एकदा सकाळी, हे कामावर गेल्यावर, त्यांची कंबर धरली. अंथरुणातूनच त्यांनी देव्हाऱ्याजवळच्या कळशीकडे बोट केलं. देवळाच्या आडावरून त्या ती रोज भरून आणत. देवाचं पाणी म्हणून मी तिला कधी हात लावला नव्हता.

"डाळीला हे घाल. नळाच्या पाण्यात शिजत नाही."

"मग वर्षभर सांगितलं का नाही?"

"मला तरी कुणी सांगितलं होतं?" त्या शांतपणे म्हणाल्या.

मारहाणीला, उपाशी ठेवण्याला लोक छळ म्हणतात. जवळ असलेली एक साधी गोष्ट न सांगण्याला काय म्हणायचं, ते मला अजून ठाऊक नाही.

दुपारी वरण मऊसूत झालं. हे जेवायला आले, तेव्हा ह्यांना आईच्या कंबरेचं कळलं नव्हतं. पहिला घास घेऊन म्हणाले, "आज आईनं केलेलं दिसतंय."

सासूबाईंनी अंथरुणातूनच माझ्याकडे पाहिलं.

"वाढ त्याला अजून," त्या म्हणाल्या.