काल अडतीस, आज एकसष्ट

मोजमाप म्हणजे माणसानं निसर्गाशी केलेला प्रामाणिकपणाचा करार आहे. हे वाक्य मी भूजल तपासणीच्या प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्याच स्लाइडवर दाखवतो. लोक ते लिहून घेतात. मग चहा येतो.

कराराची अंमलबजावणी अशी असते. रोज सकाळी, पहिल्या बोअरवर जायच्या आधी, नायट्रेटचा मीटर दोन बाटल्यांतल्या द्रावणांत बुडवायचा. कोणत्या बाटलीत नायट्रेट किती, हे आपल्याला आधीच माहीत असतं. ते मीटरला शिकवायचं. दोन्हींच्या मध्ये प्रोब, म्हणजे मीटरची पाण्यात बुडणारी कांडी, धुवायचा, टिपायचा आणि आकडा हलायचा थांबेपर्यंत उभं राहायचं. एप्रिलात जीपच्या बॉनेटवर द्रावण तापतं, आकडा काही थांबत नाही, आणि या शिकवणीत पाऊण तास जातो. पन्नाशीनंतर पाऊण तास नुसतं उभं राहणं हा वेगळाच विषय आहे.

त्या सकाळी मी शिकवणी बुडवली. मीटरच्या पडद्यावर आदल्या दिवशीची बरोबरची खूण अजून दिसत होती. मी तिच्यावर विश्वास ठेवला.

चौथा बोअर लोहा गावाच्या अलीकडे एका शेतातला. मालक साठीचे, घरचे त्यांना बापू म्हणत, अंगात बंडी, बोअरविषयी फार अभिमान. "सायब, आमचं पाणी लई गोड हाय. पाहुणे ड्रम भरून नेतेत." मीटरनं अडतीस दाखवले. मर्यादा पंचेचाळीसची. मी तसं सांगितलं, तर ते मुलीकडे बघून म्हणाले, "आता तरी पटलं का?"

मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आलेली. तिला दूध कमी होतं, म्हणून बाळ पावडरच्या दुधावर. तिनं मलाच विचारलं, "सर, ह्या पाण्यात बाळाची बाटली केली तर चालंल का?"

"हाव, चालेल," मी म्हणालो आणि वहीत सही केली.

दिवसअखेरीस मीटर परत तपासायचा असतो. हा नियम मी पाळतो, कारण तो बसून पाळता येतो. संध्याकाळी लातूरला लॉजच्या खोलीत प्रोब बाटलीत बुडवला. बाटलीवर पन्नास लिहिलेलं. मीटर म्हणाला, एकतीस. धुऊन परत बुडवला. एकतीस.

म्हणजे दिवसभराचे सगळेच आकडे बाद. बाकीचे बोअर थांबू शकत होते. पण जास्त नायट्रेट असलेलं पाणी तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं, तर त्याच्या रक्तातून प्राणवायू नीट वाहत नाही, बाळ निळं पडू शकतं. पाणी उकळल्यानं नायट्रेट जात नाही. आणि बाटली दर तीन तासांनी होते. मालकांचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. आमच्या फॉर्मवर अक्षांश-रेखांशाला रकाने आहेत, फोनला नाही. ड्रायव्हर जीप घेऊन घरी गेला होता.

सकाळी सहाला निघालो. अकरा वाजता लातूरलाच आमचं प्रशिक्षण होतं. साहेब फोनवर म्हणाले, "अहो, प्रमुख पाहुणे येऊन राहिले अन् तुम्ही चालले कुठं?" मी म्हणालो, पेनड्राइव्ह टेबलावर ठेवलाय. पहिली स्लाइड माझ्यावाचून चालते.

अडीच तासांनी शेतात पोहोचलो. या वेळी द्रावणाच्या बाटल्या बादलीभर पाण्यात गार केल्या, लिंबाच्या सावलीत बसलो आणि मीटरला पहिल्यापासून सगळं शिकवलं. मालक उकिडवे बसून बघत होते. "काल तर दोन मिनटांत झालतं. आज काय पूजा मांडली का काय?"

"काल ही पूजा राहिली होती, मामा."

बोअर दहा मिनिटं चालवला आणि नमुना घेतला. एकसष्ट. पुन्हा घेतला. एकसष्टच.

"एका रातीत पाणी नासलं व्हय?"

"पाणी कालचंच आहे. मीटर चुकला. म्हणजे मी चुकलो."

"चुकले तुमी, अन् नाव आमच्या बोअरचं खराब," असं म्हणून ते उठले आणि बैलाला विनाकारण एक शिवी दिली.

मुलगी बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. बाळाचे ओठ गुलाबी होते. मी आल्याबरोबर तेच बघितले होते. तिला विचारलं, कालपासून या पाण्यात किती बाटल्या केल्या?

"एकबी न्हाई. बापूंवर ओरडून लोह्याहून जार मागवला."

"पण मी तर चालेल म्हणालो होतो."

"म्हणले की. मग बापूंनी तांब्या भरून दिला, तर तुमी नको म्हणले अन् गाडीतल्या बाटलीतलं प्याले." तिनं बाळाची पाठ थोपटली. "तपासणारा माणूसच पीत न्हाई, तर मी लेकराला कशी पाजू?"

"बरं केलं," एवढंच म्हणालो.

त्या बाटलीतलं पाणी त्याआधीच्या मुक्कामाच्या लॉजच्या जिन्याखालच्या कूलरमधून भरलेलं होतं. गार होतं, म्हणून पीत होतो. त्याची तपासणी मी कधी केलेली नाही.