नाकेवाल्या ताई

सुजाताताईंसमोर कुणी काहीही ठामपणे सांगितलं, की त्या डोळे किंचित बारीक करून विचारायच्या, "कोण म्हणतं?" आवाजात भांडण नसायचं. खरोखर माहिती हवी असल्यासारखं विचारायच्या, आणि बोलणाऱ्यालाच जाणवायचं की आपण हे नुसतं कुठूनतरी उचललंय. म्युनिकमधल्या आमच्या मराठी मंडळींत त्यांना सगळे नाकेवाल्या ताई म्हणत. त्या तिथल्या एका संशोधन संस्थेत इतिहासाचं काम करायच्या, आणि त्यांचा विषय होता जकात नाके. तेही चीनमधले, दीडशे वर्षांपूर्वीचे.

आमची ओळख एका एप्रिलमध्ये भीमजयंतीच्या कार्यक्रमात झाली. मी आणि माझी बायको पल्लवी नुकतेच म्युनिकजवळ गार्चिंगला राहायला आलो होतो. मी मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. जेवताना मी तक्रार करत होतो, की आमच्या फोडणीच्या वासाचा सगळ्या बिल्डिंगला त्रास होतो असं बिल्डिंगची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरने सुनावलंय, आता दुसरं घर शोधावं लागणार. शेजारी बसलेल्या ताईंनी हातातली पुरी खाली ठेवली. "सगळी बिल्डिंग, असं कोण म्हणतं?" हाउसमाइस्टर, मी म्हणालो. "मग विचार ना एकेकाला. काहून घाबरतोस?" पुढच्या रविवारी त्या स्वतःच आल्या आणि मला घेऊन प्रत्येक दारात गेल्या. वासाचा त्रास फक्त वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंना होत होता, तोही जिन्याकडची खिडकी बंद असली तरच. आम्ही खिडकी उघडी ठेवू लागलो. त्याच घरात, त्याच वोनुंगमध्ये, आम्ही अजून राहतो.

त्यानंतर ताई दर एक-दोन आठवड्यांनी रविवारी यू-बान मेट्रोने आमच्याकडे यायच्या. स्वयंपाकात त्यांना काही गती नव्हती. पल्लवीने एकदा कांदा चिरायला दिला, तर बोलता बोलता अर्धा कांदा तसाच राहिला आणि वरण थंड झालं. बोलणं मात्र ऐकत राहावं असं. आमची मुलगी ओवी तेव्हा सहा वर्षांची होती. तिला मराठी समजायचं, पण ती उत्तर जर्मनमध्ये द्यायची. ताईंनी तिला कधी टोकलं नाही. त्या मराठीत विचारायच्या, ती जर्मनमध्ये सांगायची, आणि दोघींचं तासन्‌तास जमायचं.

एकदा इझार नदीच्या काठाने चालताना मी विचारलं, "ताई, नागपूरची मुलगी चिनी नाक्यांपर्यंत पोचली कशी?"

त्या हसल्या. चिनी भाषा त्या शिकल्या होत्या बौद्ध ग्रंथांसाठी. कितीतरी मूळ संस्कृत ग्रंथ हरवले, पण त्यांची चिनी भाषांतरं उरली, ती वाचायची म्हणून. लायब्ररीत ग्रंथ शोधताना त्यांना जुन्या जकात अधिकाऱ्यांचे कागद दिसले आणि त्या तिथेच अडकल्या. "माझे बाबा नागपुरात जकात नाक्यावर होते," त्या म्हणाल्या. "ट्रकवाले शिव्या द्यायचे, वरचे साहेब ओरडायचे. बाबा घरी येऊन गप्प जेवायचे. नाक्यावर बसलेल्या माणसाचं म्हणणं कुणी विचारत नाही रे. मला ते विचारायचं होतं."

मग त्यांनी मला तो सगळा तंटा समजावून सांगितला. हाँगकाँग इंग्रजांकडे गेल्यावर तिथून अफू आणि दुसरा माल होड्यांतून चीनच्या किनाऱ्यावर चोरून उतरू लागला. म्हणून चिनी सरकारने हाँगकाँगच्या भोवती, आपल्या हद्दीत, समुद्राच्या वाटांवर जकातीची ठाणी बसवली. हाँगकाँगचे व्यापारी खवळले. ही नाकेबंदी आहे, ठाणी बेकायदा आहेत, असा त्यांनी गिल्ला केला. चिनी म्हणत, आमच्या पाण्यात आमचा नाका, यात बेकायदा काय? दोन्हीकडून वर्षानुवर्षं खलिते गेले. "आणि इंग्रजांच्याच काही वकिलांना चिन्यांचं म्हणणं पटत होतं," ताई म्हणाल्या. "तेही सांगायला पाहिजे. आपल्याला सोयीचं तेवढंच सांगून नाही चालत."

हा विषय त्यांच्या अंगावर आला तो दोन वर्षांपूर्वी. त्यांच्या संस्थेने जुन्या बंदरांवर एक प्रदर्शन उभं केलं. हाँगकाँगच्या दालनाचा मजकूर ताईंनी लिहिला होता. छापून आला तेव्हा त्यात एक शब्द नवीन होता. 'चिनी सरकारची बेकायदा ठाणी' असं वाक्य झालं होतं. मजकूर आटोपशीर करणाऱ्या कुणीतरी जुन्या इंग्रजी अहवालातला शब्द तसाच उचलला होता. ताई त्यांच्या विभागाच्या प्रोफेसरांकडे गेल्या. प्रोफेसर तसे भले, पण उद्‌घाटन चार दिवसांवर आलेलं, फलक भिंतीवर चढलेले. ताईंच्या नोकरीची मुदतही त्याच वर्षी संपत होती आणि ती वाढवायची शिफारस प्रोफेसरांनीच करायची होती.

त्या संध्याकाळी ताई आमच्याकडे आल्या आणि काय झालं ते सांगितलं. प्रोफेसर म्हणाले होते, "सुजाता, एका शब्दासाठी?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" पल्लवीने विचारलं.

"म्हटलं, त्या एका शब्दासाठीच तर दोन सरकारं भांडली. ते म्हणाले, आता बदलता येणार नाही. मी म्हटलं, ठीक आहे, मग माझं नाव काढा."

"अहो ताई, पण तुमचा फरट्राग, नोकरीचा करार?" मी म्हणालो. "तो वाढला नाही तर इथे राहायचं कसं?"

त्यांनी पाण्याचा ग्लास दोन्ही हातांत धरला होता. "मलाही भीती वाटते समीर. इथे नऊ वर्षं गेली माझी. पण त्या वाक्याखाली नाव राहिलं तर बाबांच्या तोंडाकडे बघता येणार नाही मला."

उद्‌घाटनाला ताई आल्या. सगळ्यांशी नीट बोलल्या, मागच्या रांगेत बसल्या. फलकावर त्यांचं नाव नव्हतं.

फरट्राग वाढला नाही. प्रकल्पाचा निधी संपला, असं कारण आलं. मी संतापलो. सरळ सूड उगवला, असं बोलून गेलो. ताईंनी मला तिथेच थांबवलं. "माझ्या हातात त्याचा पुरावा नाही. निधी खरंच संपला असेल. मला काढलं असं कुठेही सांगू नकोस. मुदत संपली, एवढंच मला माहीत आहे." स्वतःवर बेतलेलं असतानाही त्या समोरच्याची बाजू सोडायला तयार नव्हत्या. ताई किती मोठ्या आहेत ते मला त्या दिवशी कळलं.

नागपूरजवळच्या एका कॉलेजात त्यांना चिनी भाषा शिकवायचं काम मिळालं. जाण्याच्या आदल्या रविवारी आम्ही जेवण ठेवलं. ताईंनी प्रोफेसरांनाही बोलावलं होतं, आणि ते आले. वरणभात मन लावून जेवले. मग म्हणाले, प्रदर्शन पुढे हाम्बुर्गला जातंय, तिथल्या फलकावरून तो शब्द काढलाय. दोन्ही बाजूंचं म्हणणं आता शेजारी शेजारी आहे. "तुमचं नाव परत घालू का?"

"घाला," ताई म्हणाल्या. "आणि आणखी थोडा भात घ्या."

विमानतळावर त्यांनी पल्लवीला जवळ घेतलं, ओवीच्या केसांवरून हात फिरवला, मला "जय भीम" म्हणाल्या आणि मागे न बघता आत गेल्या.  गाडीत ओवीने जर्मनमध्ये विचारलं, आता रविवारी माझं कोण ऐकणार? 

गेल्या महिन्यात ऑफिसात एक अहवाल माझ्या सहीसाठी आला. चीनमधला पुरवठादार मुद्दाम सहकार्य करत नाही, असं त्यात लिहिलं होतं. मी सही केली नाही. त्या कारखान्यातल्या इंजिनियरला फोन लावला आणि त्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं. ते निम्मं बरोबर निघालं. आम्हीच त्याला जुनं ड्रॉइंग पाठवलं होतं. माझ्या बॉसला आश्चर्य वाटलं. असा फोन करायचं सुचलं कसं, त्याने विचारलं.

"आल्झो, त्याचं असं आहे," मी त्याला म्हणालो, "आमच्या घरी एक ताई यायच्या."