बद्द वाजणारी वीट

गावाबाहेरच्या वीटभट्टीवर एक बाई प्रत्येक वीट बोटांनी वाजवून पाहत होती. खणखणीत वाजली की परत ठेवायची, बद्द वाजली की टोपलीत टाकायची. न राहवून मी म्हटलं, "अहो ताई, या तर कच्च्या आहेत!"

"घराले पक्की लागते, भाऊ," ती म्हणाली. "पान्याले अशीच लागते."

तिच्या गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड फार आहे. ते पिऊन लहानपणीच दात तपकिरी होतात, पुढे गुडघे आखडतात. ही बाई कमी भाजलेल्या विटांचे बारीक तुकडे करते, धुऊन माठात भरते आणि पिण्याचं पाणी त्यातून सावकाश झिरपू देते. तुकडे फ्लोराइड धरून ठेवतात. त्यांचा दम संपला की ती पुन्हा भट्टीवर येते.

जिच्यापर्यंत आग नीट पोचली नाही, ती वीट आपण वाया गेली म्हणून फेकून देतो. तिच्यात अजून माती जिवंत आहे, हे या बाईला नुसत्या आवाजावरून कळतं. मी आयुष्यभर खणखणीत आवाजावरच भाळत आलो.

"तुम्हाला गुण आला का?" मी विचारलं.

"माहे दात तं रंगले ते रंगले. हे पोरीसाठी." आणि हसताना तिनं पटकन पदर तोंडावर ओढला.

शेजारी तिची मुलगी उभी होती. पुढचे दोन नवे दात नुकतेच आलेले, पांढरेशुभ्र. आईला हसताना पाहून तीही खळखळून हसली. हसताना तोंड झाकायचं असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.