वजाच्या जागी अधिक

चौदा नोव्हेंबर, गुरुवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. तेव्हा जे सुरू केले ते मी आजवर कोणासही सांगितलेले नाही — पत्नीसही नाही. तुम्हाला सांगतो.

नंदुरबारजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मी मिरची कांडण्याच्या यंत्रांचे शाफ्ट कातत असे. लेथ, म्हणजे कातयंत्र, संगणकावर चालणारी. फाइलीत आकडे लिहावेत, तिने तसे कातावे. पण तिचा बेड, म्हणजे खालचा लोखंडी पाट, एका टोकाला झिजलेला होता. त्या टोकाला शाफ्ट केसभर जाड राही, बेअरिंग बसत नसे. म्हणून मी संगणकासाठी दहा ओळींची एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली होती. ती प्रत्येक फाइल उघडून त्या टोकाचे आकडे तेवढेच कमी करी. हे कोणाला सांगितले नाही. का सांगावे? लोक म्हणत, आप्पांच्या हाताला गुण आहे. मी म्हणू दिले.

तो माझा निवृत्तीचा दिवस होता. जागा देविदासला मिळाली होती — मीच शिकवलेला माणूस. सकाळच्या चहाला, सर्वांदेखत, तो म्हणाला, "आप्पा, काम मशीन करस. तुम्ही नुसता उभा ऱ्हातस." सगळे हसले. मीही हसलो.

दुपारी मी स्क्रिप्टमध्ये वजाच्या जागी अधिक केले आणि ती सर्व फाइलींवर चालवली. आकडे पुन्हा शाफ्टच्या मूळ नकाशाबरहुकूम झाले. तपासणाऱ्याला एकही चूक सापडली नसती.

पहिलाच मोठा माल परत आला तर देविदासची नोकरी जाईल, हे मला ठाऊक नव्हते का? होते. त्यासाठीच केले.

तीन आठवड्यांनी तो माझ्या ओट्यावर आला. माल परत आला होता. चार दिवस तो फाइलीच तपासत बसला होता. "आप्पा, फाइल बरोबर शे, नकाशा बरोबर शे. मंग शाफ्ट जाड का ऱ्हास?"

एक वाक्य पुरले असते. मी म्हणालो, "काम मशीन करस ना? मंग तिलेच इचार."

त्याने चहा अर्धाच प्याला.

आठवड्याभरात त्याला काढले. कुटुंब घेऊन तो सुरतेला गेला. तिथे अजून दुसऱ्याच्या हाताखाली आहे. मालकाने मला मानाने परत बोलावले. स्क्रिप्ट सुलट करून पुन्हा चालवली, शाफ्ट बसले. हाताचा गुण — पुन्हा तेच बोलले गेले. मला समाधान वाटले का? वाटले. अजूनही वाटते — कबूल करायचे ते हेच.

त्या गुरुवारी, सहा वाजता, मी स्क्रिप्टचा पेन ड्राइव्ह खिशात टाकला, लेथचा बेड पुसला, झिजलेल्या टोकाला तेल जरा जास्त लावले आणि वर्कशॉपची किल्ली देविदासच्या हातात दिली.