कातळातला एकच चर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या मामांचे. वडील मासेमारीच्या होडीवर खलाशी होते. बारावीनंतर मीही होडीवर यावं असं त्यांना वाटे. मामांनी त्यांची समजूत घातली आणि इंजिनीअरिंगचा फॉर्म स्वतः कुडाळला नेऊन दिला. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी.

मामा सातवीपर्यंत शिकलेले. एका ठेकेदाराकडे फायबर केबलवर गस्त घालण्याचं काम ते करत. कसालपासून हायवेच्या कडेने रोज चालत जायचं आणि कुठे जेसीबी खणताना दिसला की पुढे होऊन तो थांबवायचा. मी पुण्यात त्याच कामाच्या दुसऱ्या टोकाला आहे. केसासारख्या काचेच्या तंतूतून वेगवेगळ्या रंगांचे प्रकाश शेकडो किलोमीटर धावतात. पूर्वी प्रत्येक रंगाची वाट ठरलेली, तिची रुंदीही ठरलेली. आता नवे स्विच आलेत. गरजेप्रमाणे ते वाट रुंद करतात, आणि एक केबल तुटली तर तो प्रकाश क्षणात दुसऱ्या केबलवर वळवतात. मध्ये कुणाला हात लावावा लागत नाही. आमच्या पट्ट्यातले हे स्विच मी बसवून घेतले. मला त्याचा फार अभिमान होता.

चतुर्थीला गावी आलो तेव्हा जेवणं झाल्यावर मी मामांना लॅपटॉपवर नकाशा दाखवला. त्यांचं बोट हायवेखालून पाणी जाणाऱ्या एका मोरीवर थांबलं.

"हंय दोन रेषा कित्याक रे?"

"दोन केबली आहेत ना, मामा. एक रस्त्याच्या डावीकडून, एक उजवीकडून. एक तुटली तर प्रकाश आपोआप दुसरीवर जातो." शिकल्यापासून मी मामांशीही पुस्तकी मराठीत बोलू लागलो होतो.

"मेल्या, थंय कातळ आसा. दुसरो चर कोण खणतलो? दोनय केबली एकाच चरात आसत. माझ्या डोळ्यांदेखत घातल्यानी."

"नकाशा सर्व्हे करून काढतात."

"सर्वेवालो गाडयेतसून खाली उतराक नाय. माका इचार!"

"इंजिनेर झालो मां तो," मामी आतून म्हणाली, "तुमचां कित्याक ऐकतलो?"

सगळे हसले. मीही हसलो, बघतो म्हणालो. पुण्याला परतल्यावर अहवालात 'दोन्ही मार्ग स्वतंत्र' असं लिहून सही केली. नकाशात तसंच होतं.

काही महिन्यांनी त्या मोरीजवळ पाण्याच्या पाइपसाठी जेसीबी चालला आणि केबल तुटली. स्विचने आपलं काम चोख केलं, सगळा प्रकाश दुसऱ्या केबलवर वळवला. पण तीही त्याच फटक्यात तुटली होती. गोव्याकडची लाइन संध्याकाळपर्यंत बंद राहिली.

मामा त्या वेळी आपल्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला होते, तिथलं खोदकाम थांबवत. ठेकेदाराने लिहून दिलं, गस्तवाला जागेवर नव्हता. चौकशीच्या बैठकीत साहेबांनी मला विचारलं, "दोन्ही केबली एकाच चरात आहेत, हे गस्तवाल्याने आधी कळवलं होतं का?"

मी म्हणालो, "नोंदीत तसं काही नाही."

ते खरंच होतं. नोंद करायची ती मीच केली नव्हती. मामांना कामावरून काढलं. मला सांगितलं होतं, हे त्यांनी कुणाजवळ काढलं नाही. पुढे मामीकडूनच कळलं. तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "झिलाची नोकरी नयी आसा. गप रव." झील म्हणजे मुलगा; मला, भाच्याला, ते तसंच म्हणत.

हे कळल्यावर मामांना पत्र लिहिलं. ते असं:

मामा,

फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही. 'जेवलंस काय' एवढं विचारून फोन मामीकडे देता. म्हणून लिहितो.

त्या मोरीबद्दल तुम्ही मला चतुर्थीलाच सांगितलं होतं, हे आज मी ऑफिसात लेखी दिलं. माझा अहवाल चुकीचा होता आणि बैठकीत मी ते लपवलं, हेही लिहिलं. त्याची प्रत सोबत आहे. तुम्हाला परत कामावर घेतील की नाही, मला माहीत नाही. माझं काय होईल तेही माहीत नाही. तुम्ही त्याची काळजी करू नका. हे मी त्या बैठकीतच बोलायला हवं होतं.

शनिवारी येतो. कसालपासून शेवटपर्यंत मला तुमच्याबरोबर चालायचं आहे. केबल खरी कुठून गेली ते तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. तुम्ही नाही म्हणालात तरी सकाळी येऊन तुमच्या दारासमोरच्या खळ्यात बसेन.

मामानूं, मिया तुमचां ऐकूक होया होतां.