परड्यात ओतलेलं मीठ

पितृपंधरवडा लागला की माझं डोकं तापायला लागतं. पाऊस चार महिने मनसोक्त राहून जातो आणि मागे हा पसारा ठेवतो. भिंतींना बुरशी, गोधड्यांना कुबट वास आणि मागच्या परड्यात कमरेइतकं गाजरगवत. नवरात्राचे घट बसायच्या आत सगळं निस्तरायचं असतं. धायरीचं शहर झालं, आमच्या चारी बाजूंना इमारती उठल्या, पण गवताला कुणी तसं कळवलेलं दिसत नाही.

यंदा मी खुरपं घेऊन बसले तर नात मोबाइल घेऊन आली. आजी, उपटतेस कशाला, मिठाचं पाणी ओत, सगळं जळून जातं, रीलमध्ये दाखवलंय, म्हणाली. मी तिच्यावर अशी खेकसले की बिचारी दचकलीच. तिला काय ठाऊक, ही अक्कल पंचेचाळीस वर्षांपूर्वी याच घरात एका बाईने पाजळली होती, रीलबिल काही नसताना.

ती बाई म्हणजे मी. नवी सून, शहरात वाढलेली, त्यात वनस्पतिशास्त्राची पदवी. कोथिंबीर निवडतानाही मी तिचं लॅटिन नाव सांगायची. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, बरं, आता देठं काढ.

माझं ते पहिलंच नवरात्र. आत्याबाई गोधड्या घेऊन कालव्यावर गेल्या आणि परडं माझ्या वाट्याला आलं. दोन तास खुरपलं, तळहाताला फोड आले आणि मला विज्ञान सुचलं. गोठ्यात गुरांसाठी आणलेलं खडेमिठाचं पोतं होतं. त्यातलं अर्धं गरम पाण्यात विरघळवून बादल्याबादल्यांनी परडंभर ओतलं. तीन दिवसांत गवत करपून आडवं. आत्याबाई म्हणाल्या, हात चांगला हाय तुझा. मीही ते कौतुक हक्काचं असल्यासारखं घेतलं. मिठाचं बोलले नाही. युक्ती फुकट कशाला सांगा?

घटस्थापनेला पत्रावळीवर माती पसरून त्यात सात धान्यं पेरतात आणि मधोमध घट ठेवतात. ती माती घरचीच लागते. आत्याबाईंनी ती परड्यातून उकरली तेव्हा पत्रावळ धरून शेजारी मीच उभी होते. माझ्या पदवीला त्या वेळी काहीही सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी मोड दिसायला हवे होते. दिसले नाहीत. चौथ्या दिवशीही नाहीत. घरात नणंद बाळंतपणाला आलेली, नववा महिना, आणि घट उगवला नाही की घराचं काही खरं नाही असं आत्याबाईंना पक्कं वाटे. लेकीपुढे त्या हसत, स्वयंपाकघरात आल्या की स्वतःचे गुन्हे आठवत बसत. समई एकदा विझली होती. आंघोळीआधी घोटभर चहा घेतला होता. उपासाची भगरही सोडून त्या नुसत्या पाण्यावर राहिल्या. आणि मी? बियाणं जुनं असेल, असं मी दोनदा सुचवलं. कोडगेपणाला काही सीमा?

पाचव्या दिवशी दुपारी त्या घटासमोर पदर पसरून बसल्या होत्या. "काय घ्यायचं ते माझं घे," त्या म्हणत होत्या, "पोरीला हात लावू नको."

मग मात्र माझ्याने राहवलं नाही. "आत्याबाई, देवीचं काही नाही. मी परड्यात मीठ ओतलंय."

"किती?"

"अर्धं पोतं."

त्यांनी घटाखालची चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली. मी घरातून हाकललं जायच्या तयारीत उभी. शेवटी त्यांनी मोठा श्वास सोडला.

"भगर टाक. लई भूक लागलीया," त्या म्हणाल्या. "अन् मीठ मी घालते. तू डब्याला हात लावू नको."

बसवलेला घट हलवत नाहीत, म्हणून तो दसऱ्यापर्यंत तसाच बोडका बसून राहिला. येणाऱ्याजाणाऱ्यांना आत्याबाई गंभीरपणे सांगायच्या, सून शिकलेली हाय आमची. दुसऱ्या दिवसापासून मला परड्यातली माती वीतभर खोल खणून बाहेर टाकायचं काम लागलं. खुरपलं असतं तर दीड दिवसात मोकळी झाले असते. दिवाळीच्या तोंडावर नणंदेला मुलगी झाली, धडधाकट. ती बातमी मला परड्यातच कळली, डोक्यावर टोपली असताना.